निफाडची थंडी नाशिकच्या गच्चीवर

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करून मुळांना विहिरीचं कोमट पाणी देतात. ही धावपळ कुठल्या रात्री होते ते पाहा. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला, अशाच रात्री. ढगाळ रात्री भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांची काळजी असते, पण पारा फारसा उतरत नाही. कारण ढगांचं पांघरूण नसेल तर पानं, माती, दगड सगळे आपली उष्णता रात्रभर आभाळाला देत राहतात, आणि पहाटेपर्यंत आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. द्राक्षाला जी गोष्ट नको असते तीच मे महिन्यात आपल्या गच्चीला हवी असते. छतावर बसवायची, वीज न लागणारी, थंडावा देणारी पॅनेलं हेच काम करतात. फरक एवढाच की चांगलं पॅनेल ते भर दुपारच्या उन्हातही करतं.

त्यात कॉम्प्रेसर नाही, पंखा नाही, पाणी उडवणं नाही. मग उष्णता जाते कुठे आणि कशी, हे आधी नीट समजून घेऊ. ते कळलं की बाजारातलं कुठलं पॅनेल कामाचं, कुठे बसवायचं आणि ते का बिघडतं, हे बरंचसं आपोआप कळतं.

आभाळातली खिडकी

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण शेकोटीसमोर चेहऱ्याला जाणवतात ते हेच. २७ अंश सेल्सिअसला असलेला एक चौरस मीटर पृष्ठभाग जास्तीत जास्त ४६० वॅटच्या आसपास उष्णता अशी बाहेर टाकतो. आभाळही काही परत पाठवतं. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू किरण शोषतात आणि पुन्हा खाली सोडतात. कोरड्या, निरभ्र रात्री ही परतफेड साधारण ३५० ते ३७० वॅट असते. उरलेले ९० ते ११० वॅट हा आपला निव्वळ फायदा.

हा फरक उरतो तो वातावरणातल्या एका फटीमुळे. साधारण ८ ते १३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरी हवा फारशी अडवत नाही, त्या थेट अवकाशात निघून जातात. योगायोग असा की आपल्या रोजच्या तापमानाला असलेल्या वस्तू सगळ्यांत जास्त किरण नेमक्या याच पट्ट्यात, १० मायक्रॉनच्या आसपास, टाकतात. या पट्ट्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. हवेत बाष्प वाढलं की खिडकी लोटली जाते, ढग आले की बंद होते.

रात्रीचा हा परिणाम जुनाच आहे. आपल्याकडे हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर, गवत-उसाच्या पाचटावर उथळ मातीची भांडी ठेवून पाण्याचं बर्फ करत असत. रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये या पद्धतीचं वर्णन छापलं. खालचं पाचट जमिनीची ऊब अडवायचं आणि वरचं उघडं आभाळ पाण्याची ऊब ओढून घ्यायचं. उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना पहाटे अंगावर चादर ओढावीशी वाटते, त्यातही हेच आहे. चादर थंड हवेला जेवढी अडवते तेवढीच अंगाच्या किरणांनाही अडवते.

अडचण दिवसाची होती. मे महिन्यात दुपारी नाशिकच्या गच्चीवर दर चौरस मीटरला ९५० ते १००० वॅट ऊन पडतं, आणि आभाळाला देता येते ती उष्णता १०० वॅटच्या आसपास. हिशेब सरळ आहे. पृष्ठभागाने उन्हाचा दहावा भाग जरी शोषला तरी सगळी कमाई तिथेच संपली. म्हणून उन्हात हवेपेक्षा गार राहायचं असेल तर ९० टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकावं लागतं, आणि त्याच वेळी अवरक्त किरण मात्र मनसोक्त सोडावे लागतात. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आस्वथ रामन, शानहुई फॅन आणि सहकाऱ्यांनी हॅफ्नियम ऑक्साइड आणि सिलिकाचे सात अतिपातळ थर चांदीवर चढवून हे करून दाखवलं. ९७ टक्के ऊन परत, आणि ८५० वॅटहून जास्त ऊन अंगावर घेत असताना तो तुकडा हवेपेक्षा ४.९ अंशांनी गार राहिला. पुढे २०१७ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातून काचेचे सूक्ष्म मणी मिसळलेली प्लास्टिकची फिल्म आली, जी गुंडाळीच्या रूपात बनवता येते. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने बेरियम सल्फेटचा ९८.१ टक्के ऊन परतवणारा रंग दाखवला. नेहमीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि ते अतिनील किरण शोषतं, म्हणून साधा रंग कितीही पांढरा दिसला तरी एका मर्यादेपुढे जात नाही. बेरियम सल्फेट ते शोषत नाही. पण एवढं परावर्तन मिळवायला त्या रंगात निम्म्याहून जास्त भाग पूडच भरावी लागते. मग चिकटवणारा भाग कमी पडतो आणि रंग भुरभुरण्याची भीती वाढते. अशा रंगाच्या बादलीवर आकडा मोठा दिसला तर दोन पावसाळ्यांनंतर तो किती टिकतो, हे आधी विचारा.

नाशिकला हे कितपत लागू पडतं

इथली हवा या कामाला चांगली साथ देते. मार्च ते मे कोरडं आणि बहुतेक दिवस निरभ्र. मुंबई-कोकणात त्याच महिन्यांत हवा दमट असते, त्यामुळे तीच वस्तू तिथे कमी काम करते. समुद्रसपाटीपासून नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने डोक्यावरचा हवेचा थरही थोडा पातळ. जून ते सप्टेंबर खिडकी जवळपास बंदच, पण तेव्हा गरजही नसते. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा उपयोग होतो. हिवाळ्याचं काय, ते पुढे येईलच.

आता घराकडे. शहरातली बहुतेक घरं १२५ ते १५० मिलिमीटर स्लॅब, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि राखाडी सिमेंटचा गिलावा अशी असतात. राखाडी पृष्ठभाग साठ-पासष्ट टक्के ऊन पितो, म्हणजे दुपारी चौरस मीटरला ६०० वॅटहून जास्त. वरचा भाग ६० अंशांपर्यंत तापतो. स्लॅब ही उष्णता लगेच खाली देत नाही, साठवते, आणि चार-पाच तासांनी छताच्या खालच्या बाजूने सोडू लागते. म्हणूनच वरच्या मजल्यावरची खोली दुपारी एकपेक्षा रात्री नऊला जास्त नकोशी वाटते आणि पंखा लावला की गरम हवाच अंगावर येते.

आकड्यांत सांगायचं तर, वर ६० आणि खोलीत ३२ अंश असेल, तर १५० मिलिमीटरच्या नुसत्या स्लॅबमधून स्थिर हिशेबाने चौरस मीटरला शंभरेक वॅट खाली येतात. १० बाय १२ फुटांच्या खोलीला साधारण ११ चौरस मीटर छत, म्हणजे हजार-अकराशे वॅट. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता ओढतो. त्याचा जवळजवळ एक तृतीयांश नुसत्या छताशी झुंजण्यात जातो. वरचा पृष्ठभाग ४२ अंशांवर आणला तर तीच उष्णता चाळीस वॅटच्या खाली येते.

हा फायदा फक्त वरच्या मजल्याचा. चार मजली सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या घराला गच्चीवरच्या पॅनेलने काहीही फरक पडत नाही. वर्गणी काढण्याआधी हे सगळ्यांना स्पष्ट सांगितलेलं बरं.

दोन आकडे, आणि चकचकीत पत्र्याचा गैरसमज

कुठलीही वस्तू घेताना दोनच आकडे मागा: ऊन किती टक्के परत फेकते ते परावर्तन, आणि अवरक्त किरण किती चांगले सोडते ती उत्सर्जकता. दोन्ही ० ते १ मध्ये सांगतात. उन्हात हवेपेक्षा गार राहणाऱ्या पॅनेलला परावर्तन ०.९३ च्या वर आणि उत्सर्जकता ०.९ च्या वर हवी. विक्रेता एकच मिश्र आकडा सांगतो, सौर परावर्तन निर्देशांक. त्यात ठरावीक काळ्या पृष्ठभागाला ० आणि ०.८ परावर्तनाच्या पांढऱ्याला १०० धरलेलं असतं. साध्या रंगांची तुलना करायला तो पुरतो, पॅनेलसाठी दोन्ही आकडे वेगवेगळे हवेत. आणि हे आकडे नव्या मालाचे की तीन वर्षं उन्हापावसात राहिलेल्या मालाचे, हेही विचारा.

चकचकीत असेल ते गार, हा समज फार पक्का आहे आणि चुकीचा आहे. नवा जस्ताचा पत्रा निम्म्याहून जास्त ऊन परत फेकतो खरं, पण उरलेलं जे शोषतो ते बाहेर टाकता येत नाही, कारण चकचकीत धातूची उत्सर्जकता फार कमी असते. अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या शेडवर दुपारी हात लावून पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. वॉटरप्रूफिंगसाठी अंथरतात त्या चंदेरी डांबरी पट्ट्यांचंही तसंच. पांढरा साधा रंग मारला की त्याच पत्र्याची उत्सर्जकता ०.९ च्या आसपास जाते. अवरक्त किरणांच्या बाबतीत रंगाची छटा महत्त्वाची नसते, तिथे काळा, करडा, पांढरा सगळे ऑइल पेंट जवळपास सारखेच. पुढे पॅनेलच्या खालच्या बाजूसाठी हे उपयोगी पडेल.

आधी रंग, मग पॅनेल

पॅनेल हा पहिला खर्च असू नये. आधी पूर्ण गच्ची पांढरी करा, कारण मोठा फरक तिथेच पडतो: ६०० वॅटवरून १५०-२०० वॅटवर. पॅनेल त्यापुढचे शंभर-दीडशे वॅट वाचवतं आणि रात्रीची थंडी वाढवतं. आठशे चौरस फुटांच्या गच्चीवर सगळीकडे पॅनेलं लावण्यापेक्षा पूर्ण गच्ची रंगवून फक्त झोपायच्या खोलीवर चार पॅनेलं लावणं शहाणपणाचं.

रंगाच्या आधी गळती. तडे व्ही आकारात उघडून भरा, गच्चीत पाणी कोंडून ४८ तास खाली ओल येते का पाहा, ढाळ तपासा. शंभराला एक एवढा ढाळ पाण्याच्या तोंडाकडे हवाच. जिथे पाणी साचतं तिथे रंग पहिल्या पावसाळ्यात फुगतो. शेवाळ तारेच्या ब्रशने काढा, धुवा आणि दोन कडक उन्हं खाऊ द्या. लवचिक ॲक्रिलिक छत-रंगाला प्राइमर आणि वर दोन ते तीन हात मिळून चौरस मीटरला पाऊण ते एक लिटर लागतो, म्हणजे २० लिटरच्या बादलीत साधारण सव्वादोनशे ते पावणेतीनशे चौरस फूट. यापेक्षा जास्त पसरवून दाखवणारा कारागीर रंग पातळ करतो आहे असं समजा. पातळ थरातून राखाडी सिमेंट ऊन पितच राहतं, वरून पांढरं दिसलं तरी. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने, आणि काम सकाळी अकराच्या आत किंवा चारनंतर. दुपारच्या तापलेल्या गच्चीवर रंग पसरायच्या आत सुकतो, मग त्याला पापुद्रे सुटतात.

बजेट अगदीच कमी असेल तर चुना. रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडं पांढरं सिमेंट मिसळून दुधाइतका पातळ करायचा आणि तीन हात द्यायचे. एप्रिल-मेची सोय होते. पावसात धुऊन जातो, दरवर्षी करावा लागतो. चायना मोझॅकची पांढरी गच्ची असेल तर ती रंगवण्याची गरज नसते, सांधे घासून स्वच्छ ठेवा. जुन्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांना मात्र कोरडं घासू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओलं करून हलक्या हाताने पुसा आणि वर रंग द्या.

पॅनेलची रचना

सोयीचं माप ८ बाय ४ फूट, म्हणजे सुमारे ३ चौरस मीटर. वर ०.८ ते १ मिलिमीटर जाडीची सपाट ॲल्युमिनियम शीट. १ मिलिमीटरची घेतली तर तिचं वजन साधारण ८ किलो. खाली २५ बाय २५ मिलिमीटर चौकोनी पाइपची चौकट, दर दोन फुटांवर आडवा पाइप, नाहीतर वाऱ्यात शीट थडथडते आणि फिल्मला सुरकुत्या पडतात. पाइप जस्ताचा असेल तर ॲल्युमिनियम आणि जस्त एकमेकांना थेट टेकू देऊ नका. ओल आली की दोन धातूंच्या सांध्यात गंज धरतो. मध्ये रबरी पट्टी, आणि स्क्रू स्टेनलेसचे, रबरी वॉशरसह. आठ फुटांची शीट ४० अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटरहून जास्त लांबते, म्हणून एका टोकाची भोकं गोल आणि बाकीची लांबट ठेवा. सगळी गोल भोकं घट्ट आवळली की शीट मध्ये पोटासारखी फुगते.

वरच्या बाजूला थंडावा देणारी फिल्म किंवा रंग. फिल्म लावताना शीट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सावलीत, वारा नसताना काम करा, मधून कडेकडे रबरी पट्टीने हवा काढत जा. फिल्म कडेवर वळवून शीटच्या खाली १५-२० मिलिमीटर न्या. कडेलाच कापून सोडलेली फिल्म वर्षभरात सुटू लागते. पॅनेल खराब होण्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच. फिल्मच्या मागे चांदीचा थर असेल तर ओरखडा म्हणजे पाणी आत जायची वाट, तिथे चांदी काळी पडते आणि डाग पसरत जातो. वर संरक्षणासाठी काच, ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट लावायचा मोह होतो. लावू नका. हे सगळे पदार्थ अवरक्त किरण अडवतात, पॅनेलला आभाळ दिसेनासं होतं. वाऱ्यापासून आडोसा म्हणून पातळ पॉलिथिलीन चालतं, ते या किरणांना जवळपास पारदर्शक आहे. पण आपल्या उन्हात ते एका मोसमात ठिसूळ होतं. घरगुती कामात ते न लावलेलंच बरं.

खालची बाजू हा सगळ्यांत जास्त चुकणारा भाग. थर्माकोलचा जाड थर खाली चिकटवला की पॅनेल स्वतः झक्क गार होतं, मोजमापात छान दिसतं, पण स्लॅबचा त्याच्याशी संबंध तुटतो. रात्री स्लॅबला आपली उष्णता द्यायला वाट राहत नाही. गच्चीवर कायम बांधून ठेवलेल्या हिरव्या जाळीचाही हाच दोष, ती दिवसा सावली देते आणि रात्री आभाळ झाकते. जाळी असेल तर संध्याकाळी गुंडाळा. पॅनेलची खालची बाजू उघडी ठेवा आणि तिला मॅट ऑइल पेंटचा एक हात द्या. नुसती चकचकीत ॲल्युमिनियम ठेवली तर स्लॅबची उष्णता तिच्यावरून परत फिरते. रंगवली की स्लॅब पॅनेलला उष्णता देतो आणि पॅनेल आभाळाला.

पॅनेल आणि स्लॅबमध्ये १०० ते १५० मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. झाडू आणि पाण्याची धार जाते, गळती दिसते. रात्री पॅनेलखाली गार झालेली हवा जड असते, ती खाली बसते, आणि कठडा असेल तर गच्चीवर साचून राहते. याहून उंच केलं तर वारा ती वाहून नेतो. पॅनेलला ५ ते १० अंशांचा उतार द्या, दिशा कुठलीही चालेल.

वाऱ्याचा हिशेब

एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी येणाऱ्या वादळाने पत्रे उडाल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. वाऱ्याच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण ९३ किलो. ३ चौरस मीटरच्या पॅनेलला उचलणारं बळ पावणेतीनशे किलोच्या घरात जातं, गच्चीच्या कोपऱ्यांत त्याहून जास्त. चार विटा ठेवून हे पॅनेल थांबत नाही.

स्लॅबमध्ये भोकं पाडून अँकर मारणं सोपं दिसतं, पण प्रत्येक भोक म्हणजे वॉटरप्रूफिंगला छेद. त्यापेक्षा ३०० बाय ३०० बाय २०० मिलिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे गच्चीवरच ओता. एकाचं वजन ४३ किलोच्या आसपास. पाय ठोकळ्यातच रोवा, एका पॅनेलला सहा ठोकळे, खाली रबराचा तुकडा. मग शेजारची पॅनेलं एकमेकांना आणि दोन टोकं कठड्यातल्या खांबांना वायर रोपने बांधा. ठोकळ्यांचं वजन पॅनेलच्या क्षेत्रावर पसरलं तर चौरस मीटरला नव्वदेक किलो होतं. वापरातल्या गच्चीसाठी साधारण दीडशे किलोची क्षमता धरलेली असते, पण जुना स्लॅब, उघडी सळई किंवा पंचवटीतल्या जुन्या वाड्याचं माळवद असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही ठोकळा चढवू नका. ठोकळे शक्यतो बीमच्या रेषेवर ठेवा.

जागा कुठली

आभाळाच्या खिडकीचा सगळ्यांत स्वच्छ भाग थेट डोक्यावर असतो. क्षितिजाकडे हवेचा थर जाड होत जातो, तिकडून मिळकत कमी. त्यामुळे कठड्याने खालचं आभाळ थोडं झाकलं तर बिघडत नाही. शेजारची सात मजली इमारत मात्र नडते: ती आभाळ झाकते आणि तिची तापलेली भिंत स्वतः पॅनेलवर किरण टाकते. अशा भिंतीपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा.

उत्तम जागा म्हणजे जिथे ऊन कमी पण आभाळ मोकळं आहे. जिन्याच्या खोलीच्या उत्तर बाजूची पट्टी बहुतेक गच्च्यांवर रिकामी असते, पण मे महिन्यात नाशिकला दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, त्यामुळे तेव्हा तिथेही ऊन पडतं. सोलर बसवायचं असेल तर भांडण नाही: दक्षिणेची मोकळी, उन्हाची जागा सोलरला, उत्तरेची या पॅनेलांना. सोलर पॅनेलखालचा स्लॅबही सावलीत राहतोच. काळी पाण्याची टाकी असेल तर तिलाही पांढरा रंग द्या, दुपारी नळाला चहाचं पाणी येणं थांबेल.

निगा

धूळ हा या वस्तूचा खरा शत्रू. परावर्तन एक टक्क्याने घटलं की दुपारी चौरस मीटरला दहा वॅट जास्त शोषले जातात. ९५ चं ८५ झालं की दिवसाची सगळी कमाई गेली. पॅनेल वाईट नाही, मळलेलं आहे एवढंच. मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी, शेजारी बांधकाम असेल तर दर आठवड्याला, सकाळी मऊ मॉपने आणि साध्या पाण्याने पुसा. चिकट काजळीला पातळ साबण. ॲसिड, घासणी, तारेचा ब्रश अजिबात नको. बोअरचं क्षारयुक्त पाणी वापरलं तर शेवटी नळाच्या पाण्याची एक धार सोडा. पॅनेलवर वाळवण घालू नका: पापडाचा प्लास्टिक कागद आणि कुरडयांचं तेल-मीठ दोन्ही त्याला वाईट, आणि गार पृष्ठभागावर वाळवण नीट वाळतही नाही.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री, पॅनेलवर दव साचतं. दोन्ही बाजूंनी. उतार असेल तर वरचं दव धूळ घेऊन वाहून जातं, सपाट पॅनेलवर तेच चिखलाचे ठिपके होऊन सुकतं. खालच्या बाजूचं दव स्लॅबवर टपकतं. म्हणून पॅनेलखालचा भाग रंगवलेला आणि ढाळाचा हवा, नाहीतर तिथे शेवाळ धरतं.

हिवाळ्यात पॅनेलला उन्हाळा संपल्याचं कळत नाही, ते स्लॅब गार करतच राहतं. नाशिकला डिसेंबरच्या रात्री आधीच कडक असतात. खोलीत लहान बाळ किंवा म्हातारी माणसं असतील तर आधीच सोय करा: पॅनेल एका कडेला बिजागरीवर बसवून उभं करता येईल असं ठेवा, किंवा नोव्हेंबरच्या शेवटी त्यावर गडद ताडपत्री बांधा आणि फेब्रुवारीअखेर काढा. दिवसा ती ऊन पिते आणि उन्हाळ्यापर्यंत फिल्मही झिजत नाही. ताडपत्री बांधायच्या दोऱ्या फिल्मवर घासू देऊ नका, गाठी चौकटीच्या खाली घ्या.

घेण्याआधीची परीक्षा

नमुन्याचा एक फुटी तुकडा मागा. तेवढाच दुसरा तुकडा साध्या पांढऱ्या रंगाचा घ्या. दोन्ही दोन इंच थर्माकोलवर ठेवून, प्रत्येकाच्या खालच्या बाजूला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) टेपने चिकटवा. तिसरा थर्मोकपल सावलीत, वारा लागेल असा, हवेसाठी. ही फक्त परीक्षा आहे म्हणून इथे थर्माकोल योग्य, एरवी नाही. निरभ्र दिवशी दुपारी बारा ते तीन दर पंधरा मिनिटांनी तिन्ही आकडे लिहा, मग रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत दर तासाला.

चांगला तुकडा दुपारी हवेच्या बरोबरीला किंवा दोन-चार अंश खाली असेल. साधा पांढरा काही अंश वर असेल. रात्री मात्र दोघं जवळपास सारखेच गार होतील, कारण रात्री फक्त उत्सर्जकता लागते आणि ती दोघांची सारखी आहे. दुपारी नमुना साध्या रंगापेक्षा गार नसेल तर तो घेऊ नका, मग त्याचं नाव काहीही असो. वारा असलेल्या दिवशी फरक कमी दिसतो, कारण गरम हवा गार पृष्ठभागाला सतत तापवत राहते. तेव्हा परीक्षा वाऱ्याच्या दिवशी नको.

बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर या कामाला वापरू नका. चकचकीत पृष्ठभागावर तो पृष्ठभागाचं नाही, त्यात परावर्तित होणाऱ्या आभाळाचं तापमान वाचतो आणि उन्हाने रटरटलेला जस्ताचा पत्राही थंड असल्याचं दाखवतो. प्रात्यक्षिकात विक्रेत्याने अशी बंदूक पत्र्यावर रोखली तर त्याच पत्र्यावर फक्त हात ठेवून पाहायला सांगा.

पॅनेल बसल्यावरचं मोजमाप छताच्या खालच्या बाजूला घ्या, खोलीच्या मधोमध, रात्री नऊला. बसवण्याआधीचा एक आठवडा आणि नंतरचा एक आठवडा, बाहेरच्या हवेचा आकडा शेजारी लिहून. दहा तासांच्या रात्रीत चौरस मीटरमागे ६० वॅट जरी बाहेर गेले तरी १५० मिलिमीटरच्या स्लॅबमधून सहा-सात अंशांची साठवण रिकामी होते. प्रत्यक्षात खोलीतून आणि भिंतींतून थोडी परत येते, म्हणून छताला तीन-चार अंशांचा फरक दिसला तरी काम नीट झालं आहे. पहिल्या दोन रात्रीत निकाल लावू नका. तापलेला स्लॅब, कोबा आणि भिंती हळूहळू उतरतात, त्यांना चार-पाच निरभ्र रात्री द्या. रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या आणि सकाळी नऊच्या आत बंद केल्या तर गार झालेलं छत दुपारी तीनपर्यंत साथ देतं.